हनुवटी

डॉक्टरीणबाईंनी भिंग खाली ठेवलं आणि विचारलं, "केस कुठं गेले?"

"गेले की!" विमल खुशीत म्हणाली. "तुमच्या हाताचा गुण."

"आज मी अजून मशीनला हातही लावलेला नाही. घरी काय केलंत तुम्ही?"

विमल म्हणजे माझी भावजय. डोळ्यांवर काळा चष्मा लावून उताणी पडली होती ती तिची मुलगी निलम. निलमचं लग्न ठरलं होतं, आणि तिच्या हनुवटीवर, गळ्याखाली बापयाला यावेत तसे केस यायचे. ते कायमचे घालवायला आम्ही तासगावहून सांगलीच्या या दवाखान्यात येत होतो. मी निलमची आत्या. माझं तिथं काही काम नव्हतं. पण "आत्ती आली तरच मी येणार," असं निलम पहिल्या वेळी अडून बसली होती. यंत्र चालू झालं की ती माझा हात धरायची. प्रत्येक ठिणगीला रबर ताणून सोडल्यासारखा चटका बसतो, असं ती सांगायची. खोलीत जळक्या केसांचा वास सुटायचा. मागच्या दोन-तीन वेळांपासून मात्र वासच येत नव्हता.

"दोरा फिरवला का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

विमल निलमच्या उशीचा कोपरा सारखा करायला लागली.

"मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. दोरा नाही, चिमटा नाही, वॅक्स नाही. फक्त वस्तरा. केस वरून कापला तर मूळ आत राहतं. मशीनचा उजेड त्या काळ्या मुळाला धरून आत जातो आणि त्याला जाळतो. तुम्ही मूळच उपटून आणता. मग मी जाळू काय?"

"अहो, पण तुमच्यापुढं पोरीला तसल्या तोंडानं कशी आणू?" विमल म्हणाली. "लाज वाटते की. म्हणून आदल्या दिवशी मीच स्वच्छ करून आणते."

खरं होतं ते. विमल शिवणाचा दोरा दातात धरायची आणि निलमला मांडीवर आडवी घेऊन तिचा सगळा गळा साफ करायची. वस्तरा म्हटला की तिच्या अंगावर काटा यायचा. वस्तऱ्यानं केस राठ होतात असं तिचं पक्कं मत होतं, आणि दाखला म्हणून ती माझ्याकडं बोट करायची. "वन्संचं बघा काय झालं!"

माझं झालं होतं ते असं. माझ्या नवऱ्यानं लग्नाच्या पहिल्याच वर्षी मला भावाच्या दारात आणून सोडलं. "बाई दिली म्हणाला होतात," एवढंच बोलला आणि गेला. तेव्हापासून मी रोज पहाटे भावाच्या जुन्या वस्तऱ्यानं हनुवटी साफ करत आले.

"लग्न कधी आहे?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"दिवाळी झाली की."

"मग स्पष्ट सांगते. कायमचे जातात असं बाहेर बोर्डावर लिहिलंय, पण सगळे जात नाहीत. बरेच कमी होतात, बारीक होतात. मधून मधून परत यावं लागतं. आणि आतून काही बिघाड असेल, अंडाशयाचा, हार्मोनचा, तर औषधाशिवाय पुन्हा पुन्हा येतात. रक्त तपासून घ्या."

"नको नको. लग्न ठरलेल्या पोरीचं असलं काही कागदावर नको."

"घरात कुणाला असे केस आहेत? आजी, मावशी, आत्या?"

मी पदर नाकापर्यंत ओढून घेतला होता. विमलनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

"कुणाला नाही," ती म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडं पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, "आता महिनाभर दोरा बंद. केस वाढू द्या. मधे दिसायला लागले तर वस्तरा मारा. मग या."

बाहेर पडताना निलमनं भिंतीवरचा बोर्ड मला वाचून दाखवला. मला तेव्हा वाचता येत नव्हतं. अक्षरं मी पुढं शिकले, साठी उलटल्यावर. "नको असलेल्या केसांपासून कायमची सुटका," तिनं वाचलं आणि हसली. "आत्ती, तुझं पण करून घेऊया का गं?"

"माझे पांढरे व्हायला लागले. मशीनला सापडायचे नाहीत," मी म्हणाले. दोघी हसलो. विमल पुढं चालत होती. ती वळून म्हणाली, "हळू. रस्त्यात लोक आहेत."

लोक होतेच. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना आम्हाला विट्याच्या कुणीतरी पाहिलं, आणि निलमचं सासर विट्याचं होतं.

आठच दिवसांत नवऱ्या मुलाच्या आत्याचा, चंद्राक्काचा, माझ्या भावाला फोन आला. विट्याच्या त्या घराचा सोनं-चांदी गाळायचा धंदा होता. चुलते-पुतणे मुलखभर पांगलेले, आणि घर चालवायची ती ही चंद्राक्का. विधवा होती. तिच्या शब्दाबाहेर त्या घरात कुणी पाणीसुद्धा पीत नव्हतं.

"भगवानराव, मी येते राहायला," ती म्हणाली. "पोरीला आमच्या घरच्या रीती दाखवते. आणि एक ऐकलंय तेही बघते. तिच्या चेहऱ्याला कुणी काही करायचं नाही. दोरा नाही, पावडर नाही. जशी आहे तशी मला बघू द्या. नीट असली तर अक्षता, नाहीतर राम राम."

भगवाननं फोन ठेवला आणि गिरणीत जाऊन बसला. आमची पिठाची गिरणी होती. काही अवघड झालं की तो पट्टा चालू करून त्या आवाजात बसून राहायचा.

चंद्राक्का गाडीतून उतरली ती अंगणातच थांबली. उंच, गोरी, पांढऱ्या पातळात. मी पाण्याचा तांब्या घेऊन पुढं गेले. तिनं तांब्या घेतला नाही. माझ्याकडं बघत विमलला विचारलं, "या कोण?"

विमलच्या तोंडातून निघून गेलं, "कामाला आहेत. हौसाबाई."

मी भावाकडं पाहिलं. तो पाहुणीची पिशवी उचलून आत चालला होता.

संध्याकाळी विमल गिरणीमागच्या खोलीत आली. माझं अंथरूण तिनं तिथंच टाकलं होतं. "वन्सं, पाया पडते तुमच्या. चुकून निघालं. पण आता फिरवता येत नाही. तुम्हाला बघितलं की ती बाई काय समजायचं ते समजेल. एवढी पोरगी खपू द्या, मग तुमचे पाय धुऊन पाणी पिते."

"बरं," मी म्हणाले.

ती गेल्यावर निलम आली. दारातच उभी राहिली. "आत्ती, रागावलीस?"

"नाही गं."

"मी नाही तसं म्हणणार. मी तुला हाकच मारणार नाही ती असेपर्यंत. म्हणजे खोटं बोलायला नको."

मला तिची ती युक्ती फार आवडली. लहानपणी ती अशाच युक्त्या काढायची. बाळंतपणानंतर विमल दीड वर्ष आजारी होती, तेव्हा निलम माझ्याच कुशीत वाढली. शाळेत नाव घालताना मास्तरांनी आईचं नाव विचारलं तर तिनं "आत्ती" सांगितलं होतं.

चंद्राक्काची रीत अशी होती. सकाळी अंगणात खुर्ची टाकायची आणि निलमला उगवतीकडं तोंड करून बसवायचं. मग दोन बोटं हनुवटीखाली घालून मान वर करायची आणि अंगठा कानापासून गळ्यापर्यंत फिरवायचा. विमल दाराला धरून उभी राहायची. मी झाडत असायचे.

"राग मानू नकोस हं," चंद्राक्का म्हणायची. "आम्ही म्हैस घेताना पण दात बघूनच घेतो."

निलम डोळे मिटून घ्यायची.

"डोळे कशाला मिटतेस? केस काय डोळ्यांत आहेत?"

पहिल्या दिवशी तिला काही सापडलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. "मऊ आहे," ती म्हणाली. "फारच मऊ आहे. लोणी लावल्यासारखी." विमलच्या चेहऱ्यावर रंग आला. मला मात्र त्या 'फारच'नं धडकी भरली.

निलम रोज अंधारात उठून न्हाणीत वस्तरा फिरवत होती. आम्हा तिघींनाही ते माहीत होतं. डॉक्टरीणबाईंनी सांगितला म्हणून सांगलीतनं घेतलेला, बायकांचा म्हणून मिळतो तसला गुलाबी दांडीचा वस्तरा होता तो. ती तो पाण्याच्या पिंपामागं दडवून ठेवायची. माझा काळ्या मुठीचा वस्तरा ट्रंकेत होता.

चौथ्या दिवशी सकाळी खुर्ची मांडली, पण चंद्राक्का बसली नाही. न्हाणीतून बाहेर आली ती बोटाच्या चिमटीत गुलाबी वस्तरा धरून.

"भगवानराव, जरा बाहेर या. विमलबाई, तुम्ही पण. हौसाबाई, केरसुणी ठेव."

सगळे अंगणात आलो. निलमचा चेहरा पिठासारखा झाला होता.

"हे कुणाचं?"

भगवान तर सलूनमधे दाढी करायचा, सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. विमल पदराचं टोक पिळत होती. निलमचे ओठ हलले, आणि ती आता बोलणार हे मला दिसलं.

"माझं आहे," मी म्हणाले.

"तुझं? हे गुलाबी?"

"होय."

"आणि तू काय करतेस याचं?"

मी पदर मागं टाकला. हनुवटी वर केली. इतकी वर्षं वस्तरा खाऊन ती निळसर पडली होती, आणि त्या दिवशी मी काही केलं नव्हतं, म्हणून पांढरे-काळे खुंट उभे होते. परक्या माणसापुढं, दिवसाच्या उजेडात, मी ते कधीच दाखवलं नव्हतं.

चंद्राक्का जवळ आली. निलमला लावायची तीच दोन बोटं तिनं माझ्या हनुवटीखाली घातली. माझी मान उजेडाकडं वळवली, मग निलमकडं पाहिलं. पुन्हा माझ्याकडं.

"हौस भारी आहे हौसाबाईंची," ती म्हणाली. "पण विमलबाई, मला एक कळत नाही. हनुवटीला खळगा हिच्या, तसाच पोरीच्या. नाकाचा शेंडा तोच. तुमची कामवाली तुमच्या पोरीसारखी कशी दिसते?"

विमलचा श्वास मला ऐकू आला.

"मी आईला विचारणार नाही. आई काहीही सांगेल. पोरीलाच विचारते." तिनं निलमला खांद्याला धरून माझ्यासमोर उभं केलं. हातभर अंतर असेल. "नीट बघ आणि सांग. ही तुझी कोण? रक्ताची असेल तर तसं सांग, मी चहासुद्धा न घेता जाते. पुन्हा या दारात विट्याची गाडी येणार नाही."

निलम माझ्याकडं बघत होती. मी डोळ्यांनी तिला सांगितलं, म्हण बाई, म्हणून टाक. मला तर ते हवंच होतं. तिनं म्हणावं म्हणूनच मी वस्तरा अंगावर घेतला होता. तरी ती बोलेपर्यंत मला आत कुठंतरी वाटत राहिलं, की ही तसं म्हणणार नाही.

"कामाला आहे," निलम म्हणाली. "मी लहान असल्यापासून आहे."

"नाव काय?"

"हौसाबाई."

"मग सांग की तिला. कामाच्या बाईनं घरातली न्हाणी वापरली तर तुमच्यात काय सांगतात?"

"हौसाबाई, तुम्ही परत न्हाणीत..."

"तुम्ही?"

"हौसाबाई, परत न्हाणीत यायचं नाही. कळलं का तुला?"

"कळलं, ताईसाहेब," मी म्हणाले.

ताईसाहेब हा शब्द मी कसा वापरला मलाही कळलं नाही. भगवान वळून गिरणीत गेला आणि लगेच पट्ट्याचा आवाज सुरू झाला.

त्या दिवशी चंद्राक्कानं निलमचा गळा तपासला नाही. उलट दुपारी तिच्या हातात स्वतःच्या हातातल्या दोन बांगड्या घातल्या. विमल देवापुढं जाऊन रडली.

दिवेलागणीला चंद्राक्का सोप्यात पाय पसरून बसली आणि मला हाक मारली. "हौसे, तेल आण. पाय दाब."

मी खाली बसून पाय दाबायला लागले. घरात दुसरं कुणी नव्हतं. सगळे देवळात गेले होते.

"किती वर्षं झाली तुला परत येऊन?" तिनं विचारलं.

माझे हात थांबले.

"दाब, दाब. सोयरीक करताना आम्ही चौकशी करत नाही होय? नवऱ्यानं टाकलेली भगवानरावांची थोरली बहीण, दाढीवाली, गिरणीवर असते. तासगावात कुणालाही विचारलं तर सांगतो. सुपारी फुटायच्या आधीपासून ठाऊक आहे मला."

"मग पोरीचं मोडलं का नाही?"

"मोडायचं कशाला? केसांचं काय एवढं? येतील, जातील. सांगलीत यंत्र आहे, जात राहील वर्षाकाठी. माझ्या पुतण्याला थोडंच कळतंय? त्याला हुंगायला पण वेळ नाही." तिनं दुसरा पाय पुढं केला. "आमची थोरली सून अशी होती की बापाचं डोकं दुखलं की गाडी काढ, भावाला पोर झालं की गाडी काढ. अख्खं माहेर उरावर घेऊन आली. शेवटी तिला कायमची तिकडंच पाठवली. तेव्हाच ठरवलं, दुसरी आणायची ती आधी बघून. आपलं माणूस सोड म्हटलं तर सोडते का नाही."

मी तळहातावर आणखी तेल घेतलं.

"सोडते," ती म्हणाली. "आधी वाटलं जड जाईल. पण सोडलं बघ. गुणाची आहे."

"तुम्हाला ठाऊक होतं हे तिला..."

"तिला कळता कामा नये." ती वाकली आणि माझ्या तोंडाजवळ तोंड आणून हळू बोलली. "तुझ्याकडून गेलं तरी मला समजेल. मग मी खरंच राम राम करीन, आणि का केला ते गावभर सांगेन. पोरीला दुसरं ठिकाण मिळायचं नाही. तुझ्याशेजारी गिरणीत बसेल. घोट्याला जरा जोर लाव."

मी जोर लावला.

ती गेली तरी निलम गिरणीमागं आली नाही. हाक न मारायची युक्ती तिनं पुढं चालूच ठेवली. अंगणात गाठ पडली की ती वाट बदलायची. मला वाटायचं, तिला हाताला धरून सांगावं, अगं ठाऊक होतं त्या बाईला, तू उगीच मनाला लावून घेऊ नकोस. पण सांगितलं असतं तर तिला आणखीच लागलं असतं. आणि ठिकाण गेलं असतं ते वेगळंच.

लग्नाला मला घरी ठेवायचं असं विमलनं ठरवलं होतं. पण विट्याहून निरोप आला, ती हौसाबाई पाहिजे, पाणी वाढायला. विमलनं भावकीतल्या सगळ्यांना आधीच बजावून ठेवलं. आमचीच माणसं माझ्या हातून पेला घेताना खाली बघायची. माझी चुलत भावजय तेवढी कुजबुजली, "हौसा, काय गं हे?" तिला तिच्या नवऱ्यानं दटावलं.

अक्षता पडल्या. मानपान सुरू झालं. विट्याकडून मुलीच्या आईला साडी, मावशीला साडी. चंद्राक्कानं स्वतः माईक घेतला होता. ताटातली शेवटची साडी तिनं उचलून दोन्ही हातांनी उंच धरली. हिरवी होती, जरीच्या मोठ्या काठाची. आईच्या साडीहूनही भारी.

"नवरीची आत्या कोण आहे? पुढं या. आत्याचा मान मोठा."

मी दुसऱ्या रांगेजवळ पाण्याचा जग घेऊन उभी होते. आमच्या बाजूच्या सगळ्या माना एकदम माझ्याकडं वळल्या आणि तशाच खाली गेल्या. भगवान फेट्याचा शेमला सारखा करत होता.

"कुणीच नाही?" चंद्राक्का हसून म्हणाली. "मग नवरीलाच विचारू. काय गं, आत्या नाही तुला?"

तिनं माईक निलमच्या तोंडापुढं धरला. मुंडावळ्यांतून निलमनं वर पाहिलं. इतक्या माणसांतून तिला मी लगेच सापडले. मला ठाऊक होतं की आता खोटं बोलायची काही गरज नाही, ती बाई सगळं जाणून आहे. हे त्या मांडवात फक्त मला आणि चंद्राक्काला माहीत होतं. माझं तोंड उघडलं तर पोरीचं घर जायचं.

"नाही," निलम म्हणाली.

"मोठ्यांदा बोल. मागच्यांना कळू दे."

"मला आत्या नाही."

स्पष्ट, खणखणीत. आचाऱ्यांच्या चुलीपर्यंत गेला असेल आवाज. चंद्राक्कानं साडीची घडी केली, ताटात परत ठेवली आणि निलमच्या गालावरून हात फिरवला. "शहाणी आहे माझी सून," ती माईकवरच म्हणाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. निलम हसली. परीक्षेचा निकाल लागल्यावर हसायची तशी.

"ओ मावशी," विट्याकडच्या पंगतीतून कुणीतरी हाक मारली, "इकडं पाणी."

मी जग घेऊन तिकडं गेले.